चार सुतांचा फरक

प्रिय ठोकळ्या,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आईचे गुडघे तसेच, तिची बडबड तशीच, माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. आधी एक काम कर. हे कारखान्यात उभ्या उभ्या वाचू नकोस. मागच्या जिन्यावर जाऊन बस आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अर्ध्यात घडी घालून खिशात टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे. वसतिगृहाच्या दारांना सोमवारी करवत लावायचीय ना तुला? मग सोमवारच्या आत वाचून संपव. चौसष्ट दारं, तुझं स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं पहिलं काम, सगळं लाकूड येऊन पडलंय, आणि पोरं सुट्टीवर गेली की तीन आठवड्यांत बसवून मोकळं व्हायचंय. हे फसलं तर पुन्हा तुला कुणी दाराची कडीसुद्धा लावायला बोलावणार नाही, हे मला समजतं. म्हणूनच लिहितेय. फोनवर जमलं नसतं. फोनवर तू मध्येच 'जाऊ दे ना ताई' म्हणतोस, आणि आज मला काहीएक जाऊ द्यायचं नाहीये.

तुला आजोबा किती आठवतात? खरं सांग. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. तुझ्या डोक्यात आहे तो खुर्चीत बसून टेबल विती-वितीनं मोजणारा म्हातारा. तो आजोबा नव्हे रे. तो त्यांचा उरलेला भाग होता. मी बारा वर्षांची होते, मी अख्खा माणूस पाहिलाय. पहाटे पाचला उठणार, साडेपाचला कारखान्याचं कुलूप काढणार, आणि कामगार यायच्या आत दोन चौकटी जुळवून ठेवणार. मग कामगारांना म्हणणार, या, आता उरलेलं तुम्ही करा, मी दमलो. आणि दमलो म्हणून पुन्हा रंधा हातात. संध्याकाळी घरी आले की आजी त्यांना उंबऱ्यावरच अडवायची. भुवयांत भुसा, कानात भुसा, सदऱ्याच्या खिशात भुसा. फडकं घेऊन ती त्यांना सतरंजी झोडपावी तशी झोडपायची आणि म्हणायची, माझा सगळा संसार या भुशावर उभा आहे, पण म्हणून तो अंथरुणात नको. आजोबा डोळे मिटून उभे राहायचे. मला वाटतं दिवसभरात तेवढाच वेळ ते काही न करता उभे राहत.

आणि दार! न लागणारं दार त्यांना बघवायचं नाही. एकदा आजीच्या मावसबहिणीकडे कुणीतरी गेलं म्हणून सगळे भेटायला गेलो. घर माणसांनी भरलेलं, बायका रडतायत, आणि तिथलं मधलं दार दर वेळी खालून घासतंय, कुर्रर्र. आजोबा दहा मिनिटं कसेबसे बसले. मग शेजाऱ्याकडून रंधा मागून आणला, दार बिजागऱ्यांतून काढलं, अंगणात नेऊन खालची कड तासली आणि परत बसवलं. आजी लाजेनं मेली. पण ती मावसबहीण पुढे वर्षानुवर्षं सांगायची, त्या दिवशी सगळ्यांनी मला 'धीर धर' म्हटलं, एका माणसानं माझं दार दुरुस्त केलं.

माझे बाबा, म्हणजे तुझे मोठे काका, गेले तेव्हा मी तीन वर्षांची. पुढचं तुला घरात कुणी सांगितलं नसेल. बाबा आजोबांचे थोरले. बाबा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आजोबांनी स्वतःची खोली रिकामी केली, आईला आणि मला दिली, आणि स्वतः आजीसकट बाहेरच्या खोलीत पलंग टाकला. आईची उंची बेताची, म्हणून खोलीतल्या सगळ्या फळ्या तिच्या हाताला येतील अशा खाली उतरवल्या.  रडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. मला अभ्यासाचं टेबल केलं, त्याच्या पायांना भोकं पाडून ठेवलेली, मी जशी वाढेन तसं टेबल वर सरकवायचं. दर वाढदिवसाला ते एक भोक वर घेत. तू झालास तेव्हा तर काय, राजाच आला. तुझा पांगुळगाडा, तुझे ठोकळे, ठोकळ्यांत तुला बसवून ठेवायची खास पेटी. तुझं हे नाव त्या पेटीवरून पडलंय, डोक्यावरून नाही. निदान तेव्हा तरी.

आता गजाचं सांगते, कारण सगळं रामायण त्या गजाचं आहे. आजोबांचा गज म्हणजे सात फुटांची लाकडी मापकाठी. त्यांच्यापेक्षा दीड वीत उंच. इंच-सुताच्या खुणा त्यांनी स्वतः कोरलेल्या. पायाशी टेकवायची, वर खूण बघायची, संपलं. ओल्या फरशांवर टेकवून टेकवून तिचं खालचं टोक फुटायला लागलं, तेव्हा त्यांनी त्याला पितळी टोपी ठोकली, भरीव. टोपीचा तळ अर्ध्या इंचाचा, म्हणजे सुतारांच्या भाषेत चार सूत. पण खुणा होत्या तिथेच राहिल्या, लाकूड जिथे सुरू होतं तिथपासून. आलं का लक्षात? त्या गजानं मोजलेली कुठलीही वस्तू लिहिलेल्या आकड्यापेक्षा चार सूत मोठी. आजी म्हणायची, अहो, खालून तेवढं लाकूड कापा, नाहीतर खुणा नव्या करा. ते म्हणायचे, चौकट मी याच गजानं मोजतो, दार याच गजानं कापतो, टोपी दोन्हीकडे आहे, मग बिघडलं कुणाचं? आणि खरंच काही बिघडायचं नाही. एकदाच घोटाळा झाला. खिडक्यांचे आकडे काचवाल्याला कागदावर लिहून दिले आणि त्यानं आपल्या पट्टीनं काचा कापल्या. वीस काचा, वीसच्या वीस लहान. आजीनं आठवडाभर ऐकवलं. तेव्हापासून आजोबा मापाच्या पानावर वरती कोपऱ्यात एक छोटी टोपी काढायला लागले. ती खूण असली की समजायचं, आकडे टोपीसकट गजाचे आहेत, दुसऱ्या पट्टीनं कापशील तर मरशील. कारखान्यात झाडूवाल्यालासुद्धा हे माहीत होतं. हा हट्टीपणा होता, मान्य. मी त्यांची नात आहे, मला हट्टाचं कौतुक सांगू नकोस.

काकांनाही माहीत होतं. काका म्हणजे तुझे बाबा, हे पत्रात तरी मी 'काका'च लिहीन, नाहीतर जीभ घसरेल. त्यांना पहिल्यापासून मशीन हवं होतं. बरोबर होतं त्यांचं. आजोबा म्हणत, हात चालतायत तोवर कशाला, आणि काका म्हणत, बाबांचे हात चालतायत तोवर माझे बांधलेले. शेवटी कापायचं मशीन आलं, त्याबरोबर स्टीलचा टेप आला, कमरेला लावून काका हिंडायचे, जसं काही पदकच. त्याच सुमारास एका पाहुणेघराचं काम आलं, चाळीस खिडक्यांच्या झडपा. आजोबांनी जाऊन चौकटी मोजल्या, आकडे फळीच्या तुकड्यावर लिहून आणले, वर टोपी काढली, आणि त्याच संध्याकाळी तापानं फणफणले. आठ दिवस अंथरुणात. काकांना वाटलं, बरं झालं, म्हातारा उठायच्या आत मशीनवर सगळं कापून दाखवतो. कापलं. टेपनं. टोपीकडे बघितलंच नाही. चाळीसच्या चाळीस झडपा चार सुतांनी लहान, उंचीलाही आणि रुंदीलाही.

चूक झाली. होते. मी शपथेवर सांगते, मी त्या चुकीवर डूख धरून नाही. आजोबांनी एक सणसणीत शिवी हासडली असती, मग सगळ्यांना चहा पाजला असता, आणि दोघांनी मिळून झडपांना पट्ट्या जोडून कशीबशी वेळ मारून नेली असती. 'कापलेलं लाकूड वाढत नाही, पण माणूस शिकतो' म्हणाले असते. पण काकांनी काय केलं? तो फळीचा तुकडा सरस तापवायच्या शेगडीत घातला. गज गायब केला. आणि आजोबा उठून कारखान्यात आले त्या दिवशी, पाहुणेघराचे मालक समोर उभे, सात कामगार समोर उभे, तेव्हा म्हणाले, बाबांनीच मापं चुकीची दिली. आजोबांनी विचारलं, टोपीसकट कापलंस ना? काका म्हणाले, तुमच्याच गजानं कापलंय, तुम्हीच तापाच्या भरात टोपीचे चार सूत मनानं वजा करून आकडे लिहिलेत. गज कुठाय विचारलं, तर म्हणे झडपा बसवताना पाहुणेघरात राहिला, तिथून कुणी पळवला. आणि मालकांकडे वळून, मी हे कानांनी ऐकलंय, मी डबा द्यायला गेले होते, म्हणाले, काय करणार साहेब, वय झालं, दिसत नाही, लक्षात राहत नाही, यापुढे सगळी मापं मीच घेत जाईन.

आजोबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि बाकावर ठेवली. एवढंच.  मी त्यांचा हात धरून घरी आणलं. रस्त्यात ते मला म्हणाले, मी खरंच वजा केले असतील का गं? मला आठवत नाही. अरे, त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही की मुलगा खोटं बोलेल. माणूस इतर कशाबद्दलही खोटं बोलेल, पण मापाबद्दल? त्यांच्या डोक्यात ते बसतच नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरी गोष्ट मानली. आपलंच डोकं गेलं असं मानलं.

आणि मग तुझा तो टेबल मोजणारा म्हातारा सुरू झाला. रोज सकाळी वितीनं टेबल मोजायचे, आकडा मला सांगायचे, आणि मी शाळेच्या पट्टीनं मोजून बघायचे. रोज बरोबर यायचा. एक दिवस चुकला नाही. मी म्हणायचे, आजोबा, बरोबर आलं! ते म्हणायचे, आज आलं गं, उद्याचं काय. चौदा महिने. शेवटी शेवटी ते दार लोटतानासुद्धा बिचकायचे. ज्या माणसानं गावभर दारं लावली तो आपल्याच घरात दारापाशी थबकून बघायचा, की आपण कुठे चुकतोय. आजी त्यांना झोडपायची थांबली, कारण भुसाच नव्हता. मला आठवतंय, एकदा तिनं रिकाम्या सदऱ्यावर उगीच फडकं मारलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. आणि काका? काका तेव्हा कारखान्यावर नवी पाटी लावत होते.

मी डोळे तपासायचं शिकले ते का, हे कधी कुणाला सांगितलं नाही. 'दिसत नाही' म्हणून ज्याला घरी बसवलं त्याचे डोळे मला तपासायचे होते. उशीर झाला, ते वेगळं.

हे सगळं मला कुणी सांगितलं, असं तू विचारशील. गज गायब केला तो कुणी पाहिला? तर ऐक. तुला पॉलिशकाका आठवतात? कायम नखं तपकिरी असलेले, कारखान्यात मागच्या बाजूला बसायचे ते. काकांनी त्यांना गज दिला आणि सांगितलं, तोडून शेगडीत घाल, तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. पॉलिशकाकांना चार पोरं. ते गप्प बसले. पण गज त्यांच्यानं तोडवला नाही. त्यांनी तो घरी नेला, वर तपकिरी पॉलिश चढवलं, टोपीसकट, आणि खिडकीवर आडवा ठोकून त्याला पडदा लावला. वीस वर्षं, ठोकळ्या! वीस वर्षं आजोबांचा गज त्यांच्या घरात पडदा धरून होता. तीन वर्षांपूर्वी ते चष्म्यासाठी दुकानात आले. मी कोणाची नात ते कळल्यावर म्हातारा खुर्चीतच ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं, पडदा काढला, आणि सगळं ओकून टाकलं. सहा महिन्यांनी ते गेले. हलके होऊन गेले असतील. मला मात्र जड करून गेले.

तीन वर्षं तो गज माझ्या कपाटामागे उभा आहे. पॉलिश मी स्वतः खरवडलं, खुणा जशाच्या तशा आहेत. टेप लावून बघितला, चार सूत, केसाचाही फरक नाही. तेव्हाच गज घेऊन येऊन काकांच्या डोक्यात घालावा असं वाटलं होतं. आई म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला आता कशाला, देव बघतोय. आजीही हेच म्हणत गेली, देव बघून घेईल. मला देवाचा अनुभव बरा नाही. आणि नुसतं तोंडावर बोलून काय झालं असतं? पॉलिशकाका गेलेले, फळी जळलेली. काका म्हणाले असते, हिला बापाच्या वाट्याचा कारखाना हवाय म्हणून ही काठी घेऊन आली. मला कारखाना नको, तुलाच लखलाभ. मला फक्त एकच हवंय, ज्या जागी ते खोटं बोललं गेलं त्याच जागी, कामगारांसमोर, त्याच तोंडानं ते परत घ्यायला हवं. म्हणून मी वाट बघत बसले. चष्म्याच्या दुकानात बसून माणूस धीर शिकतो.

आणि मग गेल्या महिन्यात तुझा फोन आला. वसतिगृहात परीक्षा चालू आहेत, बाहेरच्याला आत सोडत नाहीत, जुन्या चौकटी तशाच ठेवून दारं नवी करायचीत, आणि दोन दारं एकसारखी नाहीत. म्हणालास, जुनी दारं आजोबांनीच चौकटींसकट केली होती ना ताई, त्यांची मापाची वही आजीनं तुला दिली होती ना? म्हणालास, आजोबांनी लिहिलंय म्हणजे मला परत मोजायला नको.  ज्या घरात 'म्हाताऱ्याला मापं जमेनात' ऐकत तू मोठा झालास, त्या घरातून तू त्यांच्या शब्दावर विसंबलास. त्याच क्षणी मी तुला सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वहीवर टोपी आहे, पानापानावर आहे, हे मला माहीत होतं, आणि तरी मी म्हटलं, वही काकांबरोबर पाठवते.

काकांना मी चष्म्याच्या निमित्तानं बोलावलं होतं. आले, खुर्चीत बसले, हनुवटी मशीनवर ठेवली, गरीब गाय जशी. भिंगं घालून बघितली. जवळचं वाचायला नेहमी आपण छापील तक्ता देतो. मी वही दिली. वसतिगृहाचं पान उघडून. म्हटलं, काका, वाचा बरं मोठ्यानं, स्पष्ट दिसतंय का. त्यांनी वाचलं. खोली पहिली, उंची इतकी, रुंदी इतकी. मग बोट वर कोपऱ्यात गेलं आणि टोपीवर थांबलं. मी समोर बसले होते, वीतभर अंतरावर, डोळ्यांत बघायचाच माझा धंदा. बाहुल्या अशा विस्फारल्या की विचारू नकोस. मी म्हटलं, दिसतंय ना? ते म्हणाले, अगदी लख्ख. मी म्हटलं, तो या आकड्यांवर दारं कापणार आहे, चालेल ना? आणि तुझ्या बापानं वही मिटली आणि मला म्हणाले, बाबांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दे, उपयोगी पडेल त्याला.

तेवीस वर्षांत त्या माणसानं आजोबांचं पहिल्यांदा कौतुक केलं, आणि तेही पोराचा गळा कापायला, कारण टोपीचा अर्थ सांगितला की जुनं खोटंही उघडं पडलं असतं. मी पैसे घेतले नाहीत चष्म्याचे. म्हटलं, भेट समजा.

तरीही मी थांबले. तुला शपथेवर सांगते, मी त्यांना बारा दिवस दिले. मनात म्हटलं, माझ्यासमोर नाही जमलं, पण घरी जाऊन पोराला बाजूला घेतील, म्हणतील, अरे, या आकड्यांत चार सूत मिळव. का मिळव ते सांगायचं नसेल तर नका सांगू, पण मिळव म्हणा! एवढं जरी केलं असतं तरी मी गप्प बसले असते. आजोबांचं माझं मी बघून घेतलं असतं. पण काल तू फोन केलास. आनंदात होतास. म्हणालास, याद्या झाल्या, सोमवारी सकाळी मशीन चालू, बाबा स्वतः येऊन लाकूड बघणार आहेत. आणि हसत हसत विचारलंस, ताई, पानांवर कोपऱ्यात ती टोपीसारखी खूण कसली गं? मी बाबांना विचारलं तर म्हणाले, काही नाही रे, म्हाताऱ्याची सही असेल. त्यानंतर तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही.

तर हे पत्र त्यासाठी आहे. चौसष्टही दारांना उंचीत चार सूत आणि रुंदीत चार सूत मिळव, तुझं लाकूड वाचेल. गज रविवारी संध्याकाळी टेम्पोवाल्याबरोबर येतोय, तो स्वतः लावून खात्री कर आणि कुणाच्या नजरेला पडणार नाही असा ठेव. पण मी हे तुझं लाकूड वाचवायला लिहिलंय असं समजून मला चांगुलपणाचं श्रेय देऊ नकोस. मी तुला गळाला लावलं होतं, ठोकळ्या, बारा दिवस, आणि मासा गळ बघूनही पुढे आला. सोमवारी काकांना काही सांगू नकोस. मशीन चालू कर. सगळ्या कामगारांना बोलाव, जुन्यांना आणि नव्यांना. पहिली फळी आकडा वाचून, मोठ्यानं वाचून, करवतीखाली धर, आणि मग सगळ्यांसमोर तुझ्या बापाला विचार, बाबा, कापू का? ते 'थांब' म्हणाले, तर का थांब ते त्यांना तिथेच सांगावं लागेल, आणि त्यांनी सांगितलं तर मी संध्याकाळच्या गाडीनं येईन, त्यांच्यासमोर बसून चहा घेईन आणि या विषयावर जन्मात बोलणार नाही. आणि 'काप' म्हणाले, तर काप. ते एकच दार काप, वहीतल्या आकड्याचं. ते वसतिगृहात नेऊ नकोस. टोपीसकटच्या खऱ्या मापाची चौकट करून तीत ते त्यांच्या खोलीला बसव, चारही बाजूंनी फट राहील, कधीच नीट लागणार नाही. आपला बाप काय आहे ते तुला कळलंय, हे त्यांना रोज झोपताना दिसू दे.

अजून तरी तुझीच,
ताई